झाडांचे रासायनिक संरक्षण

पाने, कोंब, साल व बिया खाणाऱ्या किडींना रोखण्यासाठी झाडे कडू, तुरट, विषारी किंवा चिकट द्रव्ये तयार करतात. यालाच रासायनिक संरक्षण म्हणतात. टॅनिने, अल्कलॉइडे, टर्पिने आणि फिनॉले हे या द्रव्यांचे मुख्य वर्ग. यांतली काही द्रव्ये झाडात कायमच असतात, तर काही कीड लागल्यावर तयार होतात.

गोव्यात याची ओळख बहुतेकांना लहानपणीच काजूच्या बागेत होते. कच्ची बी फोडताना टरफलातले तेल बोटांना लागले, की कातडी काळी पडून सोलते, फोडही येतात. म्हणून बी फोडायला बसणाऱ्या बायका आधी हाताला राख किंवा खोबरेल चोळून घेतात. टरफल आडवे कापून पाहिल्यास हे तेल मधल्या जाळीदार थरात भरलेले दिसते. त्यात ॲनाकार्डिक आम्ल व कार्डोल ही दाहक फिनॉले असतात. आतला गोड गर त्यांच्याच पहाऱ्यात वाढतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला हा काजू आंब्याच्या आणि बिब्ब्याच्या कुळातला. आंब्याचा देठ मोडताच उडणारा चीक ओठाला पोळतो, त्यातही अशीच फिनॉले असतात.

बी अशी जपली, तरी काजूची कोवळी पालवी आणि मोहोर उघडेच राहतात. ढेकण्या नावाचा किडा तिथे सोंड खुपसून रस शोषतो. काळे चट्टे पडतात व मोहोर करपतो. यावर झाडाचा उपाय विषाचा नाही, गोडाचा आहे. काजूच्या पानांवर व मोहोरावर गोड रस पाझरणाऱ्या ग्रंथी असतात. त्या रसासाठी हुमले (तांबड्या मुंग्या) फांद्यांवर वावरतात आणि ढेकण्याला हुसकावतात. काजू काढताना कडकडून चावतात म्हणून हुमल्यांची घरटी जाळणे हे बागेचेच नुकसान आहे.

अळीने पान कुरतडले, की झाडात जास्मोनिक आम्ल वाढते. त्याच्या इशाऱ्यावर किडीचे पचन बिघडवणारी प्रथिने तयार होतात, आणि हवेत सुटणाऱ्या गंधाच्या मागावर अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या येतात. इयन बाल्डविन व जॅक शुल्झ यांनी 1983 मध्ये पॉप्लर आणि शुगर मेपलच्या रोपांवर प्रयोग केले. पाने फाडलेल्या रोपांशेजारच्या धडधाकट रोपांतही त्यांना फिनॉले वाढलेली आढळली.

झाड संरक्षणाचा हा खर्च सगळीकडे सारखा करत नाही. सागाची पाने पावसाळ्याच्या तोंडाला अळ्या शिरांपर्यंत खरवडतात, आणि झाड नवी पालवी काढून मोकळे होते. गाभ्यात मात्र ते टेक्टोक्विनोन साठवते, म्हणून जुन्या घरांच्या सागवानी तुळयांना वाळवी सहसा लागत नाही.

किडीही तोड काढतात. गोव्याचा राज्यवृक्ष ऐन, म्हणजे माट्टी, टॅनिनांनी भरलेला. टॅनिन पानातल्या प्रथिनांना बांधून ठेवते, त्यामुळे खाल्लेले अंगी लागत नाही. पण अनेक अळ्यांच्या आतड्यातला रस इतका अल्कधर्मी असतो, की ही पकड सैल पडते. टसर रेशमाच्या अळ्या तर ऐनाच्या पानांवर पोसल्या जातात.