हवा मोजायची कशी? इलेक्ट्रॉनिक फ्यूल इंजेक्शनची पार्श्वभूमी

इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर ते मोजत नाही, तो ठरलेला वेळ उघडा राहतो एवढंच. पेट्रोलचा दाब आणि मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब यांतला फरक रेग्युलेटर स्थिर ठेवतो, त्यामुळे किती वेळ उघडला यावरून किती पेट्रोल गेलं ते ठरतं. अवघड असतं ते सिलिंडरमध्ये हवा किती शिरली हे ओळखणं. ५०० सीसीचा सिलिंडर ८० टक्के भरला तर आत सुमारे ०.४८ ग्रॅम हवा येते. १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल या प्रमाणात तिला ३३ मिलिग्रॅम पेट्रोल लागतं. मिनिटाला २०० सीसी सोडणाऱ्या इंजेक्टरला त्यासाठी साधारण १३ मिलिसेकंद द्यावे लागतात, आणि सुई उचलली जाण्यात जाणारा जवळपास १ मिलिसेकंद वेगळा. बॅटरी उतरली की हा शेवटचा आकडा वाढतो. म्हणूनच ईसीयू (इंजेक्शन चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) व्होल्टेजवरही नजर ठेवतो. यातलं हवेचं माप चुकलं तर पुढचं सगळं गणित चुकतं.

अमेरिकेत १९५७ च्या सुमारास आलेली पहिली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्या काळच्या सुट्या भागांच्या भरवशाअभावी टिकली नाही. गाड्या पुन्हा कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या साधनावर, गेल्या. तिचे हक्क जर्मनीत गेले आणि १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक बाजारात आली. तिच्यात हवा थेट मोजलीच जात नव्हती. मॅनिफोल्डमधला दाब, इंजिनाचा वेग आणि तापमान यांवरून अंदाज बांधला जाई. दाबाच्या सेन्सरमध्ये धातूच्या पोकळ डब्या होत्या. त्या फुगल्या-आकसल्या की कॉइलमधला लोखंडी गाभा सरकायचा आणि त्यावरून इंजेक्टरचा वेळ ठरायचा.

ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे इंजिन नवं होतं तसंच हवा ओढत राहील. व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, कॅमशाफ्ट बदलला, एक्झॉस्ट तुंबला की तोच दाब वेगळ्याच हवेचा निदर्शक होतो. त्यात ईजीआर आला, म्हणजे थोडा एक्झॉस्टचा धूर पुन्हा इंजिनात सोडणं. मॅनिफोल्डमध्ये परत सोडलेला धूर दाब वाढवतो, पण त्यात जाळण्याजोगा ऑक्सिजन जवळजवळ नसतो. सेन्सर मात्र त्यालाही हवाच समजतो, आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं.

म्हणून १९७४ च्या आसपास त्याच घराण्यातल्या एल-जेट्रॉनिकने दिशा बदलली. हवेच्या वाटेत झडप बसवली, ती जितकी ढकलली जाईल तितकी हवा. पण झडप घनफळ मोजते, वजन नव्हे. त्यामुळे तापमानाची दुरुस्ती लागते, उंचीचीही. शिवाय ती वाट अडवते, आणि इनटेकमध्ये बॅकफायर झाला तर वाकते. काही गाड्यांत पेट्रोल पंपाचा स्विच याच झडपेवर होता. तिच्या पुढची रबरी नळी फाटली तर हवा तिथूनच आत जाई, झडप उघडत नसे, पंप चालत नसे. मग मेकॅनिक बिचारा पंप बदलत बसे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या तापलेल्या तारेने हवेचं वजनच मोजायला सुरुवात केली. प्लॅटिनमची बारीक तार ठराविक तापमानावर ठेवायला किती वीज लागते, त्यावरून हवा किती गेली ते समजतं. घाण साचू नये म्हणून इंजिन बंद झाल्यावर ती क्षणभर लालबुंद केली जाई.

दाब की प्रवाह, हा वाद सुटला तो तिसऱ्याच भागामुळे. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन ओळखणारा लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये गाड्यांत आला. तीन प्रदूषके एकदम हाताळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १४.७ च्या अगदी जवळच नीट काम करतो, त्यामुळे कार्ब्युरेटरचा शेवट तिथेच ठरला. १९७९ पासून इग्निशन आणि इंजेक्शन एकाच डिजिटल ईसीयूत आले. आता एक्झॉस्टमधला उरलेला ऑक्सिजन बघून हिशेब दुरुस्त करता येऊ लागला, आणि स्वस्त सिलिकॉन प्रेशर सेन्सरसह दाबाची जुनी पद्धत मानाने परतली. मात्र ही दुरुस्ती नेहमी चालत नाही. सेन्सर सुमारे ३०० अंशांच्या वर तापेपर्यंत आणि बहुतेक गाड्यांत फुल थ्रॉटलला मूळ अंदाजावरच भिस्त असते. सकाळी धक्के देणारी आणि तापल्यावर सुरळीत चालणारी गाडी अनेकदा इथेच अडकलेली असते.

दोन पद्धतींचा फरक आजही स्कॅनरवर (ईसीयूतले आकडे वाचणाऱ्या साधनावर) स्पष्ट दिसतो. तारेच्या गाडीत थ्रॉटलच्या पुढे गळती असेल तर न मोजलेली हवा आत येते. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) लाँग टर्म ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलच्या हिशेबात केलेली दुरुस्ती, अधिक १५-२० टक्क्यांवर जातो आणि २५०० आरपीएमला उतरतो, कारण एकूण हवेच्या मानाने गळती किरकोळ ठरते. उलट भार वाढेल तसा ट्रिम वाढत असेल तर तार मळलेली आहे किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे. दाबाच्या गाडीत तीच गळती मोजली जाते, ट्रिम फारसा हलत नाही, पण आयडल चढतो. लॅम्डाच्या आधी एक्झॉस्टला भोक असेल तर दोन्ही प्रकारांत सेन्सरला खोटं लीन (पेट्रोल कमी) दिसतं आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो.

१९९६ नंतर पसरलेल्या थेट सिलिंडरमधल्या इंजेक्शनने पेट्रोलचा दाब ३ बारवरून शेकडो बारवर नेला, हवेचा प्रश्न होता तिथेच राहिला. आजच्या अनेक टर्बो इंजिनांत दाबाचा आणि तारेचा असे दोन्ही सेन्सर असतात आणि ईसीयू एकाची दुसऱ्याशी पडताळणी करतो. अशा गाडीत तारेच्या सेन्सरचा प्लग काढल्यावर, म्हणजे ईसीयू दाबाच्या अंदाजावर गेल्यावर, इंजिन सुधारलं, तर नवा सेन्सर आणण्याआधी एअर फिल्टरचं तेल तारेवर आलंय का ते पाहावं आणि त्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने तार धुवावी. कार्ब क्लीनर मात्र तिच्यावर मारू नये.