झोपेचा उपाय सकाळी

झोप येत नाही अशी तक्रार असलेला माणूस उपायही रात्रीच शोधतो. तळपायाला तेल, हळदीचं दूध, दहा वाजताच दिवे बंद. यातलं काही वाईट नाही. पण ठरवून झोप लागत नाही, ठरवून उठता मात्र येतं. म्हणून सुरुवात उठण्यापासून करावी. रविवार असो की आदल्या रात्री लग्नाहून उशिरा परतलेलं असो, उठायचं रोजच्याच वेळी.

याचं कारण मेंदूच्या तळाशी आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर सुमारे २०,००० पेशींचा पुंजका असतो. सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस हे त्याचं नाव. शरीराचं तापमान कधी उतरायचं, रात्र झाल्याचा निरोप शरीराला देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक कधी स्रवायचं, याचं वेळापत्रक तो सांभाळतो. पेशींतलं हे घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसं चालतं, हे फळमाशीवर काम करून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसात त्याची एक फेरी सरासरी २४ तासांहून थोडी मोठी असते, दहाएक मिनिटांनी. रोज जुळवलं नाही तर झोप दिवसेंदिवस उशिरा येऊ लागते. जुळवण्याचं काम सकाळचा उजेड करतो. झोपण्याआधीचा प्रखर उजेड नेमकं उलट करतो, झोप पुढे ढकलतो.

साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्यावर किंवा यवतेश्वरच्या घाटात चालायला जाणारे खूप आहेत. बहुतेक जण साखर आणि वजनासाठी जातात, पण तिथे झोपेचीही सोय होते. फक्त जानेवारीत पाचला निघून सूर्य उगवायच्या आत घरी परतलं, तर व्यायाम होतो, उजेड मिळत नाही. अशांनी हिवाळ्यात थोडं उशिरा निघावं. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड साधारण १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, मोकळ्या आकाशाखाली उन्हात तो काही दहा हजारांवर जातो. साताऱ्याच्या पावसाळ्यात आभाळ दिवसेंदिवस भरलेलं असतं, तरी अंगणातला उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त भरतो. चालणं जमत नसेल तर सकाळचा चहा अंगणात किंवा गच्चीवर घ्यावा.

चहाचंच सांगायचं तर संध्याकाळचा कप जपून घ्यावा. जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेची ओढ वाढते. कॅफिन त्याचीच जागा अडवतं. घेतलेल्या कॅफिनपैकी अर्धं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, काहींना बरेच जास्त. सहाला घेतलेल्या चहातलं जवळपास अर्धं कॅफिन अकराला अंगातच असतं. दुपारी तासन्‌तास झोपलं तरी ही ओढ ओसरते. वीसेक मिनिटांची डुलकी चालते.

अंथरुणात पडून तळमळत राहू नये. बराच वेळ झोप आली नाही तर उठावं, मंद उजेडात बसावं आणि डोळे जड झाले की परत जावं. नाहीतर अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा, अशी मेंदूला सवय लागते. निद्रानाशावरच्या उपचारांत हा नियम मान्यता पावलेला आहे. मात्र मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसभर पेंग असेल, तर सवयींवर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावं.

हे सगळं वाचून कराड-कोरेगावकडचा ऊसवाला विचारील, ‘आमची पंपाची लाईट रात्री असते, त्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे. मध्यरात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जाणाऱ्याला ‘रोज दहाला झोपा’ सांगणं अन्यायाचं आहे. त्याने निघण्याआधी संध्याकाळी तास-दीड तास झोपून घ्यावं. परत आल्यावर लगेच आडवं व्हावं, खिडकीवर जाड चादर लावावी, मोबाईल बाजूला ठेवावा आणि घरच्यांनी दुपारपर्यंत त्याला हाक मारू नये. दिवसा शरीराचं घड्याळ जागं ठेवू बघतं, त्यामुळे ही झोप तुटक होणार, हे घरात सर्वांना माहीत असावं. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. तिच्याबद्दल बोलताना युनिट आणि मेगावॅटचा हिशोब होतो. त्यात शेतकऱ्याच्या झोपेचे तासही धरायला हवेत.