‘जरा व्यायाम कर’ या सल्ल्यामागचा इतिहास

ताणाखाली असलेल्या माणसाला हल्ली पहिला सल्ला मिळतो तो ‘जरा व्यायाम कर’ असा. सल्ला चुकीचा नाही, त्यामागे दोनशेहून अधिक वर्षांचा अनुभव आणि बरंच संशोधन आहे. पण जिथे जिथे व्यायामाचा मनाला ठळक उपयोग झाला, तिथे नुसतं सांगून कुणी थांबलं नव्हतं. व्यायामाची वेळ ठरलेली असायची, जागा ठरलेली असायची आणि सोबतीला कुणीतरी असायचं. सल्ला तोंडोतोंडी पसरत गेला आणि नेमका हाच भाग मागे पडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ विल्यम ट्यूक या चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याने १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ नावाची संस्था सुरू केली. रुग्णांना साखळदंडाने बांधायचं, त्यांचं रक्त काढायचं, असे प्रकार तेव्हा सर्रास चालत. इथे मात्र मोकळ्या हवेत फिरणं आणि बागेत, शेतात काम करणं हा रोजच्या दिनक्रमाचाच भाग होता. यामुळे माणसं का सावरतात, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ती सावरताना दिसत होती, एवढं खरं.

मोजमाप बरंच उशिरा सुरू झालं. नैराश्यात माणूस मंदावतो, त्या मंदपणावर व्यायामाचा काय परिणाम होतो याचा एक छोटा अभ्यास अमेरिकेत १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो मागे पडला. दहा वर्षांनी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी भीती आणि रागाच्या वेळी शरीरात काय घडतं ते मांडलं. अॅड्रिनलिन स्रवतं, हृदयाचे ठोके वाढतात, यकृतातून साखर रक्तात येते, स्नायूंकडे जास्त रक्त जातं. थोडक्यात, पळायची किंवा झुंजायची सगळी तयारी होते. परीक्षेच्या, कर्जाच्या किंवा नोकरीच्या ताणात शरीर अशीच तयारी करतं आणि माणूस मात्र खुर्चीत बसून राहतो. चालून आल्यावर बरं का वाटतं, याचा पहिला पटण्याजोगा धागा इथे सापडतो.

१९७०च्या दशकात अमेरिकेत जॉगिंगची लाट आली. त्याच सुमारास मेंदूत तयार होणाऱ्या अफूसदृश रसायनांचा, म्हणजे एंडॉर्फिनचा शोध लागला आणि ‘पळालं की एंडॉर्फिन वाढतं’ हे स्पष्टीकरण सर्वतोमुखी झालं. वास्तविक पळाल्यावर वाढलेलं दिसायचं ते रक्तातलं एंडॉर्फिन, आणि ते मेंदूत सहजासहजी शिरत नाही. पुढे इतर रसायनांची आणि मेंदूतल्या पेशींच्या वाढीला मदत करणाऱ्या प्रथिनांचीही नावं पुढे आली, अजूनही येत आहेत. १९७८च्या एका प्रयोगाने तर वेगळाच पेच टाकला. काही जण ट्रेडमिलवर चालले, काहींनी ध्यान केलं, काही नुसते आरामखुर्चीत शांत बसले. अस्वस्थता तिन्ही गटांत कमी झाली! म्हणजे काळजीतून थोडा वेळ बाजूला होणं, याचाही त्यात वाटा असणार.

खरी कसोटी लागली ती अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात. जेम्स ब्लुमेंथाल आणि सहकाऱ्यांनी पन्नाशीच्या पुढचे, नैराश्य असलेले १५६ जण घेतले आणि त्यांचे तीन गट पाडले: व्यायाम, सर्ट्रालिन ही गोळी, आणि दोन्ही. व्यायामाच्या गटाने आठवड्यातून तीनदा यायचं. दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, अर्धा तास भरभर चालायचं किंवा जॉगिंग करायचं, मग पाच मिनिटांत वेग उतरवायचा. हे सगळं देखरेखीखाली, इतरांबरोबर. गोळीने सुरुवातीला लवकर गुण दिला, पण १६ आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळपास सारखे सुधारले होते. हा निष्कर्ष १९९९ मध्ये आला. बरे झालेल्यांकडे काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा नैराश्य पुन्हा जडण्याचं प्रमाण व्यायामाच्या गटात ८ टक्के होतं, गोळीच्या गटात ३८ टक्के.

या प्रयोगात औषध नसलेल्या गोळीचा गट नव्हता, हा आक्षेप रास्त होता. याच चमूने २००७ मध्ये तो गटही घेतला. देखरेखीखालच्या व्यायामाने ४५ टक्के, घरच्या घरी केलेल्या व्यायामाने ४० टक्के, औषधाने ४७ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. नुसत्या दिखाऊ गोळीनेही ३१ टक्के आले. फरक आहे, पण चमत्कार म्हणावा इतका नाही. व्यायामाची बाजू घेणाऱ्यांनी हे आकडे लपवू नयेत.

ब्रिटनमधला २०१२चा अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नैराश्याच्या ३६१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत एका मार्गदर्शकाने भेटून आणि फोनवरून हालचाल वाढवायला प्रोत्साहन दिलं. त्यांची हालचाल वाढलीही, पण इतरांच्या तुलनेत मनःस्थितीत फरक पडला नाही. ‘व्यायामाचा उपयोग नाही’ अशा बातम्या तेव्हा झळकल्या. तपासलं होतं ते प्रोत्साहन, ठरल्या वेळी चार माणसांत केलेला व्यायाम नव्हे.

२०२० मध्ये महामारीमुळे घराबाहेर पडायला बंदी आली, तेव्हा या इतिहासाची दखल कळत-नकळत घेतली गेली. ब्रिटनने दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडायची मुभा ठेवली. फ्रान्सने घरापासून एक किलोमीटरच्या आत, एक तास. दुकानं बंद, शाळा बंद, पण पायी फिरणं गरजेच्या गोष्टींत मोजलं गेलं.

कोणत्या आजारावर कोणते उपचार करावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये नैराश्यावरची मार्गदर्शक सूचना सुधारली. सौम्य नैराश्यावरच्या उपचारांच्या पर्यायांत तिथे गटाने करायचा व्यायाम आहे: साधारण आठ जणांचा गट, आठवड्यातून एकाहून अधिक वेळा, दहा आठवडे, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली. अधिक तीव्र नैराश्यावरच्या पर्यायांतही तो आहे. पण चालायला लागलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं.