दोन टाक्या, एक नळ

फोंड्याला आमच्या गच्चीवर दोन काळ्या टाक्या आहेत, बुडाशी एकाच पाइपाने जोडलेल्या. गेल्या मे महिन्यात त्यातली एक खडखडीत झाली आणि दुसरी निम्मी भरलेलीच राहिली. मला वाटलं, पाइपात गाळ अडकला. प्लंबरने पाइपाला हातही लावला नाही. भरलेल्या टाकीचं आवळून बसलेलं झाकण त्याने फिरवलं, तशी आत फुस्सकन हवा शिरली. "टाकयेक वारें मेळना, बाय," एवढंच म्हणाला. हवेच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं.

छोट्या विमानांच्या वैमानिकांना हे दुखणं चांगलंच ठाऊक असतं. सेसना 172 घ्या. 1955 साली पहिल्यांदा उडालेलं हे चार आसनी विमान आजवर 44,000 हून जास्त बनलं आहे. त्याचे पंख डोक्यावर, दोन्ही पंखांत एकेक टाकी. जुन्या मॉडेलांत पंपही नाही. पेट्रोल आपल्याच वजनाने कार्ब्युरेटरपर्यंत उतरतं. दोन्ही आसनांच्या मध्ये खाली एक खटका असतो: डावी, उजवी किंवा दोन्ही. खटका 'दोन्ही'वर असला तरी एक टाकी भराभर उतरते आणि दुसरी तशीच राहते, असं पुष्कळदा होतं. इंजिन काही टाकी निवडत नाही. पेट्रोलवर बसलेली हवा निवडते.

या विमानात बाहेरची हवा घेणारी नळी डाव्या पंखाखाली, पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या मागे असते. तिथून हवा डाव्या टाकीत, आणि वरच्या जोडनळीतून उजव्या टाकीत जाते. ताशी 200 किलोमीटर वेगाने समोरून येणारा वारा नळीच्या तोंडावर थेट आदळला, तर त्याचा दाब पेट्रोलच्या पाव मीटरहून उंच स्तंभाइतका भरेल. दांड्याच्या आडोशाने तो बराच कमी होतो. पण नळी जराशी वाकली, तिचं तोंड आडोशाबाहेर आलं, की डाव्या टाकीवर दाब चढतो आणि ती आधी उतरू लागते.

किती उतरते, हे मला सगळ्यात गमतीचं वाटतं. समजा, डावीकडे फक्त 3 सेंटीमीटर पेट्रोलइतका दाब जास्त आहे. वातावरणाच्या दाबाचा हा जेमतेम पाचशेवा भाग. डावीची पातळी उजवीपेक्षा 3 सेंटीमीटर खाली गेली की हिशेब मिटतो, आणि पुढे दोन्ही टाक्या सारख्याच उतरतात. पण पंखातली टाकी परातीसारखी पसरट. तळ अर्धा चौरस मीटर धरला, तर 3 सेंटीमीटर म्हणजे 15 लिटर! साहजिकच काटा बघून नवशिक्याच्या पोटात गोळा येतो.

विमान जरा कलतं उडालं तरी तेच होतं. दोन टाक्यांत 3 मीटर अंतर धरलं, तर एका अंशाच्या कलाने त्यांच्या उंचीत 5 सेंटीमीटरचा फरक पडतो. वरची टाकी आधी उतरते, खालची जड राहते आणि तो पंख आणखी खाली ओढू पाहते. अशा वेळी खटका जड बाजूवर फिरवायचा, तेवढं पेट्रोल जाळायचं आणि मग पुन्हा 'दोन्ही'वर आणायचा.

पंख खाली असलेल्या पायपर चेरोकीत 'दोन्ही' ही सोयच नाही. तिथे पेट्रोल पंपाने वर ओढावं लागतं. दोन शहाळ्यांत एकेक स्ट्रॉ घालून दोन्ही एकदम ओढा. एक शहाळं संपलं की तोंडात नुसती हवा येते, दुसऱ्यात पाणी असूनही. म्हणून वैमानिक घड्याळ बघून टाकी बदलत राहतो. मोपा विमानतळावर उतरणाऱ्या मोठ्या जेटना ही कटकट नाही, त्यांच्या टाक्यांतच पंप असतात.

विमान उभं असतानाही सेसनाचा खटका विसरून चालत नाही. उतरत्या जागेवर दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या आणि खटका 'दोन्ही'वरच राहिला, तर वरच्या पंखातलं पेट्रोल हळूहळू खालच्या पंखाकडे जातं. म्हणून भरताना तो डावीवर किंवा उजवीवर ठेवतात.