अकरा मासे चांदी, एक मासा तांबे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी मराठी घरांत लक्ष्मीपूजनाला अजून राणीछाप रुपया ताटात ठेवतात. एरवी तो देव्हाऱ्यातल्या डबीत असतो. त्याच घरातले पोर मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) होऊन पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला जाते, सगळे विषय एकदम इंग्रजीतून सुरू होतात आणि रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यात मोलची गणिते समोर येतात. अनेक मुलांची रसायनशास्त्राशी फारकत तिथेच होते. मला याचे फार वाईट वाटते, कारण त्या गणिताला लागणारे सगळे साहित्य डबीतल्या रुपयात आहे.

ब्रिटिश अमलातल्या त्या रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. १८३५ पासून १९३९ पर्यंत त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे असे. तोळ्याचे मासे बारा. म्हणून हिशेब तोंडी होतो: अकरा मासे चांदी, एक मासा तांबे. ग्रॅममध्ये १०.६९ चांदी आणि ०.९७ तांबे. निव्वळ चांदी मऊ, लवकर झिजते. रुपया हजारो हातांतून फिरायचा, म्हणून हा मासाभर तांब्याचा कठीणपणा.

आता मोल. चांदीचे मोलर वस्तुमान १०७.८७ ग्रॅम आहे, म्हणजे एवढ्या वजनाच्या चांदीत ६.०२२ × १०^२३ अणू असतात; एवढ्या अणूंच्या गठ्ठ्याला एक मोल म्हणतात. आपल्याकडे १०.६९ ग्रॅम आहे. भागाकार केला की ०.०९९१ मोल मिळतात, जवळजवळ एक दशांश. अणू मोजायचे तर सहावर बावीस शून्ये. तांब्याचा अणू हलका, मोलर वस्तुमान ६३.५५, म्हणून ०.९७ ग्रॅमचे ०.०१५३ मोल होतात. आता गंमत बघा. वजनात तांबे शेकडा आठच्या आसपास, पण अणूंची मोजदाद केली तर शंभरांत तेरा अणू तांब्याचे निघतात. वजनाचे प्रमाण वेगळे आणि संख्येचे वेगळे, एवढे एकदा डोक्यात बसले की मोलची भीती निम्मी जाते.

टांकसाळीत चांदीचा कस पाहायची जुनी रीत आगीची होती. शिशाबरोबर वितळवून हिणकस जाळायचे आणि उरलेला चांदीचा मणी तोलायचा. त्यात थोडी चांदीही हातची जायची, त्यामुळे कस खरा होता त्यापेक्षा कमी दिसे. १८३० च्या दशकात गे-लुसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पॅरिसच्या टांकसाळीसाठी यावर उपाय काढला, तोही मिठाचा. रुपया नायट्रिक आम्लात विरघळवला तर चांदी आणि तांबे दोन्ही द्रावणात जातात, द्रावण निळसर होते. त्यात मिठाचे पाणी घातले की चांदी क्लोरीनला धरून पांढऱ्या दह्यासारखी खाली बसते. तांबे द्रावणातच राहते, कारण त्याचा क्लोराइड पाण्यात विरघळतो. मीठ फक्त चांदीला वेचून काढते.

मीठ किती लागेल? चांदीच्या एका अणूला मिठाचे एक एकक. म्हणजे मीठही ०.०९९१ मोल, गुणिले ५८.४४, बरोबर ५.७९ ग्रॅम. साधारण एक चमचा. आणि खाली बसलेला सिल्व्हर क्लोराइड वाळवून तोलला तर १४.२ ग्रॅम भरतो, म्हणजे मूळच्या अख्ख्या रुपयापेक्षा जड! तांबे तर बाहेरच राहिले, मग हे वजन आले कुठून? मिठातल्या क्लोरीनचे साडेतीन ग्रॅम त्यात मिळाले. वस्तुमान नव्याने निर्माण होत नाही आणि नाहीसेही होत नाही, हा नियम इतका डोळ्यांना दिसेल असे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. प्रयोग घरी मात्र करायचा नाही. नायट्रिक आम्लातून निघणारा तपकिरी वायू विषारी असतो, आणि आजीचा रुपयाही जातो.

रुपयाला धक्का न लावता कस तपासायचा तर पाणी पुरे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. आधी रुपया कोरडाच तोला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि रुपया दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा. तळाला टेकू द्यायचा नाही, बुडबुडे झटकून टाकायचे. काट्यावर दिसेल तेवढे ग्रॅम म्हणजे तेवढे घनसेंटिमीटर रुपयाचे आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा, की घनता मिळते. उत्तर १०.३ च्या आसपास आले तर जुना अकरा माशांचा रुपया. झिजला असला तरी चालेल, कारण झिजताना वजन आणि आकारमान दोन्ही सोबत घटतात.

उत्तर साडेनऊच्या जवळ आले तर वर्ष पाहा. बहुधा ते १९४० ते १९४५ मधले असेल. महायुद्धाच्या काळात चांदी निम्म्यावर आणली गेली. उरलेल्यात तांबे शेकडा चाळीस, निकेल पाच, जस्त पाच. वजन मात्र तोळाभरच ठेवले, त्यामुळे हातात घेऊन फरक कळत नाही. त्यात चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. वाघाचे चित्र असलेल्या १९४७ च्या रुपयात तर चांदीचा कणही नाही, तो निकेलचा. त्याला काटाही नको, लोहचुंबक लावा, चटकन चिकटेल.

घरात राणीछाप नसेल तर षटकोनी वीस पैसे तरी सापडतील. ते नाणे अ‍ॅल्युमिनिअमचे, थोडे मॅग्नेशिअम घातलेले, वजन २.२ ग्रॅम. बेळगावला यमनापुरात हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना तयार होतो, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. १०२ ग्रॅम अ‍ॅल्युमिनात ५४ ग्रॅम अ‍ॅल्युमिनिअम. म्हणजे किलोभर पांढऱ्या भुकटीत ५२९ ग्रॅम. मॅग्नेशिअमचा अंश बाजूला ठेवला तर तेवढ्यात वीस पैशांची २४० नाणी होतील. आता चौकोनी पाच पैशांचे वजन दीड ग्रॅम धरून ती किती होतील, हे पीयूसीच्या पोरांनी स्वतः काढावे.