मेंदू थंड करताना रक्ताभिसरणाचे काय होते?

डोक्याला गंभीर मार लागला की मेंदूला सूज येते आणि तिला पसरायला जागा नसल्यामुळे कवटीतील दाब वाढू लागतो. तो उतरवण्यासाठी काही वेळा रुग्णाचे शरीर ३२ ते ३५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. तापमान एका अंशाने उतरले की मेंदूची प्राणवायूची गरज सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी घटते, त्या प्रमाणात तिकडे जाणारे रक्तही कमी होते आणि कवटीतील दाब खरोखरच उतरतो.

मात्र सरासरी रक्तदाबातून कवटीतील दाब वजा केल्यावर जो दाब उरतो, त्याच्या जोरावर मेंदूत रक्त खेळते. अतिदक्षता विभागात तो ६० ते ७० मिलिमीटर राखण्याची धडपड असते, त्यामुळे या वजाबाकीतील पहिला आकडाही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

शरीर गार होताच त्वचेतील आणि हातापायांतील रक्तवाहिन्या आकसतात व रक्त छाती-पोटाकडे ढकलले जाते. शरीरात पाणी जास्त झाले असे समजून मूत्रपिंडे लघवी वाढवतात. ठोके मंदावतात, हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्तही घटते, पण शरीराची गरजच कमी झालेली असल्याने तेवढ्याने सहसा बिघडत नाही. ३० अंशांखाली मात्र हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. खरी फसगत अशी, की आकसलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्तदाबाचा आकडा बरा दिसत राहतो आणि शरीरातून किती पाणी गेले ते लक्षात येत नाही.

ही तूट उघडी पडते ती रुग्णाला पुन्हा ऊब देताना. रक्तवाहिन्या सैलावतात, त्या भरायला पुरेसे रक्त नसते आणि रक्तदाब कोसळतो; थंडीत पेशींमध्ये शिरलेले पोटॅशियमही याच वेळी रक्तात परतते. म्हणून तापमान तासाला अंशाच्या काही दशांशांहून जास्त वाढू देत नाहीत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२५ मुलांवरील चाचणीत थंड केलेल्या गटात ऊब देण्याच्या काळातच रक्तदाब अधिक वेळा घसरला होता.

प्रौढांमधील निष्कर्षही निराशाजनकच आहेत. २०१५ च्या युरोथर्म चाचणीत थंड केलेल्यांपैकी २६ टक्के, तर नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ३७ टक्के रुग्ण समाधानकारक स्थितीत आले. २०१८ च्या पोलर चाचणीत दोन्ही गटांत हे प्रमाण जवळजवळ ४९ टक्के होते. कवटीतील दाब उतरला म्हणजे रुग्ण सुधारला, हे समीकरण त्यामुळे टिकत नाही. आता अशा रुग्णांना सरसकट थंड न करता ताप चढू न देण्यावर भर असतो, आणि इतर उपायांना दाद न देणाऱ्या दाबासाठी हा मार्ग निवडलाच, तर धमनीतील रक्तदाबावर सतत नजर ठेवून लघवीवाटे गेलेले पाणी सलाईनने वेळीच भरून काढावे लागते.