कातडीचे थर आधी मोजले, काम नंतर कळले

नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. बाहेरची हवा त्याहून दहा अंशांनी तापली की शरीरातील उष्णता बाहेर पडण्याऐवजी हवेतलीच उष्णता आत शिरू लागते आणि शरीर गार ठेवायला घाम वाळण्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. हे काम त्वचेचे आहे, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्वचेचे थर माणसाने फार पूर्वी मोजले. ती नेमके काय करते, हे मात्र त्या मानाने बरेच उशिरा उमगले.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचना सांगणाऱ्या भागात, अवभासिनीपासून मांसधरेपर्यंत त्वचेचे सात थर सांगितले आहेत. तापत्या दुधावर साय धरावी तशी गर्भावर त्वचा धरत जाते, अशी उपमा तेथे येते. थरांची जाडी व्रीहीच्या, म्हणजे भाताच्या दाण्याच्या मापाने दिली आहे : सर्वांत वरचा थर दाण्याच्या अठराव्या भागाएवढा, तर सर्वांत खालचा दोन दाण्यांएवढा. चरकसंहितेत थर सहाच आहेत. या नावांची सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या आजच्या थरांशी जोडी लावण्याचा खटाटोप अनेकदा होतो, परंतु त्यातून फारसे हाती लागत नाही. त्यापेक्षा मोलाचे वाटते ते पुढचे वाक्य : हे माप मांसल जागांचे आहे, कपाळाचे किंवा बारीक बोटांचे नव्हे. प्रत्यक्ष पाहिल्यावाचून असे वाक्य सुचत नाही. पाहण्याची रीतही त्याच ग्रंथात आहे. प्रेत गवताने गुंडाळून नदीच्या संथ पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर न्याहाळावा.

कापलेले नाक पुन्हा घडवण्याची कृतीही सुश्रुताने दिली. नाकाच्या मापाचे पान घेऊन त्याएवढी गालाची कातडी उचलायची, मात्र ती एका बाजूने जोडलेलीच ठेवायची. सन १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकाने पुण्यात झालेल्या अशाच शस्त्रक्रियेचे वर्णन छापले. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी माणसाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचे नाक करून ते सपाट केले, कपाळावर ठेवून त्याची रेषा आखली, तेवढी कातडी सोडवली, भुवयांमधला चिंचोळा भाग तसाच राखून ती खाली वळवली आणि पाण्यात कालवलेल्या काथाने बसवली. जोड टिकल्यावर सुमारे पंचवीस दिवसांनी तो चिंचोळा भाग कापला. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात, त्या खालच्या अंतस्त्वचेत असतात. कपाळाची कातडी त्या अरुंद पुलातून येणाऱ्या रक्तावर जगली. कारागिराला हे कारण सांगता आले नसते, तरी तो पूल तोडायचा नाही एवढे त्याला पक्के माहीत होते.

इटलीत माल्पिगी या वैद्याने १६६५ मध्ये बाह्यत्वचेतला खालचा मऊ थर सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा ओळखला. या थराच्या तळाशी पेशी विभागतात, वर सरकताना केराटिन या चिवट प्रथिनाने भरून मरतात आणि सुमारे चार आठवड्यांत कोंड्यासारख्या झडून जातात. तळातल्याच काही पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात आणि प्रकारात. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींत हे कधी ऐकू येत नाही.

घामाचा हिशेब मात्र प्रथम तराजूवर झाला. इटलीतल्याच सँटोरिओ या वैद्याने वर्षानुवर्षे तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून खाल्लेले, प्यालेले आणि विसर्जन केलेले सारे तोलले. हिशेब जुळेना, बरेचसे वजन डोळ्यांना न दिसता उडून जात होते. ही निरीक्षणे त्याने १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १७७५ मध्ये लंडनच्या चार्ल्स ब्लॅग्डनने १२५ अंश सेल्सिअसच्याही वर तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे काढली. त्याच खोलीत अंडी घट्ट भाजून निघाली, पण त्याच्या शरीराचे तापमान फारसे चढले नाही. तेथे ठेवलेले भांड्यातले पाणीही उकळेना. त्यावर तेलाचा तवंग सोडून वाफ कोंडली तेव्हाच ते उकळले. एक लीटर घाम पूर्णपणे वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि हे काम करणाऱ्या घर्मग्रंथी माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख असतात.

नागपूरकराला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही, ते त्याच्या खिडकीत बसवलेले असते. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत वाळ्याच्या जाळ्यांचा कूलर खोली गारेगार करतो. मृगाची सर येऊन हवा दमट झाली की तोच कूलर नुसता ओल फेकतो आणि अंगावरचा घामही वाळत नाही. तापमान दहा अंशांनी उतरूनही जीव घाबरा होतो, तो याचमुळे.

स्पर्शाची उकल त्याहून उशिरा झाली. बोटांच्या टोकांतले स्पर्शकण जर्मन शरीरशास्त्रज्ञ माइसनरने १८५२ मध्ये दाखवले. नॉर्वेत हॅन्सनने १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला, तेव्हा त्वचा बधिर का होते याचा माग लागू लागला : हा जंतू शरीराच्या थंड भागांत, म्हणजे त्वचेत आणि तिच्याजवळच्या मज्जातंतूंत वाढतो. नागपूरच्या आसपास या रोगाची झळ पिढ्यान्‌पिढ्या लागली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केले, तर वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारले. बधिर झालेल्या हाताला तापलेल्या तव्याचा चटका समजत नाही, म्हणून जखम चिघळते आणि बोटे झिजून आखूड होत जातात. तपासणी अजूनही साध्या हातांनीच होते. रुग्णाला डोळे मिटायला सांगतात, फिकट चट्ट्यावर पेनचे टोक किंवा कापसाची वात हलकेच टेकवतात आणि स्पर्श झाला तेथे बोट ठेवायला सांगतात. चट्टा बधिर असला, तर बोट उचललेच जात नाही.